मी पेटवलेला राब

“ए, हा उकिरडा कुणाचा?”

वाडीच्या तोंडाशी उभं राहून प्रणवनं ओरडून विचारलं. अंगात पांढरा टी-शर्ट, डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी. कॉलेजच्या शिबिरात तो आमचा गटप्रमुख. त्याच्या मागं आमी चाळीस-पन्नास पोरं-पोरी, हातात घमेली, खराटे, दाताळी. वाडीतल्या बाया आपापल्या दारात उभ्या व्हत्या. त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. ठरवून बघत नव्हत्या.

“काय घाण करून ठेवलीय बघा,” प्रणव म्हणला. “म्हणून तर हे लोक सुधरत नाय, राव.”

पोरं हसली. मी पण हसले. खोटं कशाला सांगू? हसले.

उकिरडा नव्हता तो. राब व्हता. माझ्या घरचा राब.

ज्यांना माहीत नाय त्यांना सांगते. आमच्या डोंगरात भाताचं बी टाकायच्या आधी जमीन भाजावी लागते. त्यासाठी हिवाळ्यापासून जमवाजमव चालू. शेण वाळवायचं, झाडाच्या फांद्या छाटायच्या, पातेरा म्हणजे वाळका पाला गोळा करायचा, गवत कापायचं. हे सगळं डोक्यावर भारे वाहून आणायचं आन् खाचराच्या म्हणजे भातशेताच्या कडंला रचून ठेवायचं. उन्हाळा सरत आला की एका तुकड्यावर त्याचे थर द्यायचे, वर माती टाकायची, हळूहळू भाजायचं. त्या राखेत रोप तरारून येतं, तण उठत नाय. राब गेला की रोप गेलं. रोप गेलं की त्या सालचा भात गेला. आमच्याकडं दुसरं पीक म्हणजे नाचणी, तीही वरकस म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत, ती कितीशी येणार?

तो ढीग आईनं एकटीनं जमवला व्हता. बाप नारायणगावच्या बाजारात टमाट्याची क्रेटं उचलतो, महिन्यातनं एकदा घरी येतो. जवळची झाडं छाटून झालेली, त्यामुळं आई पार वरच्या माळाला जायची. दीड महिना रोज. मानेवर तिच्या गाठ आलीय.

आन् मी तिथं दाताळं घेऊन उभी. तोंडातनं शब्द फुटंना.

का फुटंना, तेही सांगते. लाज वाटते, पण आता लाज झाकून ठेवायचा मला कंटाळा आलाय.

मंचरच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आले तेव्हा कँटीनमधी स्कॉलरशिपचा फॉर्म भरत बसले व्हते. मागनं प्रणव डोकावला. जातीचा रकाना वाचला. “महादेव कोळी! मजा हाय बाबा तुमची,” म्हणला. “नुसता दाखला दाखवायचा, आमी बसायचं अभ्यास करत.” त्याच्या घरी निरगुडसरच्या बाजूला बारमाही ऊस, दारात दोन गाड्या. अभ्यास करताना मी तरी त्याला कधी बघितलं नाय. शेजारी सायली नावाची पोरगी बसली व्हती. तिनं विचारलं, “तू वरची का गं? म्हणजे जंगलातली? तुमच्याकडं अंघोळीला पाणी असतं का?” वाईट नव्हती ती. तिला खरंच जाणून घ्यायचं व्हतं. पण विचारता विचारता तिनं आपली वडापावची प्लेट जरा अलीकडं ओढली. तेवढं मी बघितलं.

मी म्हणले, “नाय गं. मी घोडेगावची, तालुक्याच्या गावची. वडील नोकरीला हायेत.”

बास. एवढ्या एका वाक्यावर मी दोन वर्षं काढली. सायली मैत्रीण झाली. गॅदरिंगला मला नाचात घेतलं, वाढदिवसाला केक भरवला. शिबिरात पण मी त्याच हौसेनं नाव दिलं. पांढरा टी-शर्ट घातला की सगळी सारखी दिसतात ना, म्हणून. मला मुलींची प्रतिनिधी केलं. मी लई खूश व्हते.

मग एक दिवस हॉलमधी शिबिराच्या सरांनी शिबिराच्या गावाचं नाव वाचलं. आमचंच गाव. आन् श्रमदानासाठी वरची वाडी. म्हणजे आमचीच वाडी.

त्याच संध्याकाळी आईला फोन लावला. म्हणले, “आई, आमचं शिबिर आपल्याकडं येणार हाय. तू मला हाक मारू नको. वाडीतल्या कुणालाच मारू देऊ नको.”

आई म्हणली, “बरं.”

परत म्हणली, “मंग जेवायला?”

“आमचं जेवण तिथंच असतं, आई.”

“बरं.”

आईनं सगळ्या वाडीला सांगितलं. पोरासोरांना पण दटावलं. त्या अख्ख्या वाडीनं माझ्यासाठी सोंग घेतलं. ज्या काकूनं मला कडेवर खेळवलं ती माझ्या अंगावरनं हंडा घेऊन गेली, नजर वर न करता. वाटलं, धावत जाऊन तिचा हंडा घ्यावा. पण सुटले, असं पण वाटलं. दोन्ही वाटलं.

तर तो ढीग. पोरांनी शिट्टीवर दाताळी घातली. रचलेलं सगळं ओढून रस्त्याकडंच्या खड्ड्यात लोटलं. शेण, फांद्या, पातेरा, सगळं. सर मोबाइल घेऊन फोटो काढत व्हते. पेपरला बातमी द्यायची व्हती. प्रणवनं खिशातनं काडेपेटी काढली. सर म्हणले, “थांब, थांब. मुलगी पाहिजे फोटोत. ए प्रतिनिधी, तू ये पुढं. तू पेटव.”

माझ्या हातात काडेपेटी आली.

तेवढ्यात आई घरातनं पळत आली. अनवाणी. हाताला पीठ तसंच. माझ्यापासनं चार पावलांवर थांबली. माझ्या तोंडाकडं बघितलं, आन् तिला फोनवरचं आठवलं असणार, कारण तिनं एकदम पदर सावरला. परक्या बाईपुढं सावरतात तसा.

“ताई,” ती मला म्हणली. “ताई, त्ये पेटवू नका. राब हाय त्यो.”

माझी आई मला ताई म्हणली. तुमी म्हणली.

प्रणव हसला. “मावशी, बाजूला व्हा. घाण करायची तुमी, काढायची आमी, आन् वरनं परत बोलायचं?” मग माझ्याकडं वळला, “हिला समजाव ना. तुमच्या घोडेगावात यांची बोली कळती लोकांना.”

सगळे माझ्याकडं बघत व्हते. सरांचा मोबाइल माझ्यावर. सायली पण बघत व्हती. मला एकच दिसत व्हतं. आता बोलले तर दोन वर्षांचं सगळं गेलं.

मी म्हणले, “मावशी, बाजूला व्हा.”

आन् काडी ओढली.

वाळलेलं सगळं. भडकायला कितीसा वेळ लागतोय? आई बाजूला झाली. रडली नाय, शिव्या दिल्या नाय. आग संपेपर्यंत तिथंच उभी राहिली. वारं व्हतं, राख उडून पार ओढ्यात गेली. पोरांनी “विशेष टाळी” म्हणून त्या ठरलेल्या तालावर टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी आढावा बैठकीत सरांनी परत टाळ्या वाजवायला लावल्या, प्रणवच्या गटासाठी. मी त्यातही वाजवल्या. थू माझ्या जिनगानीवर.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे मुक्कामाच्या शाळेत आडवे झाले तशी मी वाडीवर गेले. आई ओट्यावर नाचणी पाखडत व्हती. मला बघून सूप थांबलं नाय.

मी म्हणले, “आई, माफ कर.”

“माफीनं खाचर भाजत नाय.”

“मला बोलता आलं नाय गं.”

तेव्हा तिनं सूप खाली ठेवलं. “मी आडाणी बाई. मी बोलले. येडंवाकडं का व्हईना, बोलले. तू तर माईकवर बोलतीस म्हनं. शिकल्याली पोरगी तिथं उभी आसताना राबाचा उकिरडा झाला. मंग शिकून काय उजेड पाडला?”

मी रडायला लागले. तिनं जवळ घेतलं नाय. तुमाला वाटंल आईचं काळीज, घेतलं असंल. नाय घेतलं. बरोबरच केलं तिनं. म्हणली, “जा. तुझी लोकं उठली आसतील.”

तुझी लोकं. पुढचे चार दिवस हे शब्द डोक्यातनं हलले नाय. जेवताना, झाडताना, प्रभातफेरीत घोषणा देताना. माझी लोकं कोणती? ह्याचं उत्तर मला कोणी वर्गात शिकवणार नव्हतं.

सातव्या दिवशी समारोप. शाळेच्या पटांगणात मांडव, संस्थेचे पाव्हणे खुर्च्यांवर, गावकरी सतरंजीवर. सरपंचांना शाल-नारळ झाला. सरांनी मला मनोगत करायला सांगितलं व्हतं आन् कागद पण लिहून दिला व्हता. त्यात लिहिलेलं, ‘वाडीतल्या बांधवांना आम्ही स्वच्छतेचं महत्त्व पटवून दिलं.’ आई तिसऱ्या ओळीत बसली व्हती. सगळ्या वाडीला बोलावलं व्हतं, गर्दी दिसावी म्हणून.

मी माईकपुढं गेले. कागद बघितला, घडी घातली, खिशात ठेवला.

“मी घोडेगावची नाय,” मी म्हणले. “मी वरच्या वाडीची. तिसऱ्या ओळीत हिरव्या लुगड्यातली बाई माझी आई हाय. आमी जो जाळला तो कचरा नव्हता. तो तिचा राब व्हता. काडी मी लावली. माहीत असून लावली, कारण मला तुमच्यातलं व्हायचं व्हतं.”

सर उठले. “बस खाली. वेळ कमी हाय.”

“सर, मी सात दिवस तुमचं ऐकलं.” मी माईक सोडला नाय. “आता एवढं ऐका. शिबिर आज संपत नाय. श्रमदान अजून व्हायचंय. आईनं दीड महिना भारे आणले, आपण पन्नास जणं हाय. दोन दिवस थांबा. फांद्या कशा छाटायच्या, पातेरा कुठला घ्यायचा, ते आई दाखवील. जाळलं तेवढं भरून द्या.”

प्रणव मागनं ओरडला, “अगं, आमाला काय माहीत? सांगायचं ना आधी!”

“विचारायचं ना आधी!” मी माईकमधी ओरडले. “दारात माणसं उभी व्हती. ‘उकिरडा कुणाचा’ म्हणून ओरडलास, पण हे काय हाय ते एकाला तरी विचारलं का?”

प्रणवचं म्हणणं अर्धं खरं व्हतं, मी सांगायला पाहिजे व्हतं. माझी अर्धी चूक मी कबूल केली, ती पण माईकवर. त्याच्या अर्ध्याचं काय? ते त्यानं आजपर्यंत उचललेलं नाय.

सरांनी माईक बंद केला. पाव्हण्यांनी घड्याळ बघितलं. राष्ट्रगीत झालं, गाड्या लागल्या. कोणी थांबलं नाय. सायली खिडकीतनं माझ्याकडं बघत व्हती, डोळे भरलेले. पण उतरली नाय. मी गाडीत बसले नाय. अंगातला टी-शर्ट तसाच, आईच्या मागं माळावर गेले. चार दिवस भारे वाहिले, मी कॉलेजला गेल्यावर आई एकटी वाहत राहिली. तिचे आन् माझे मिळून जेमतेम अर्धा राब झाला. त्या साली आमचं अर्धं खाचर पडीक राहिलं. बापानं कारण विचारलं, तर आई म्हणली, “पोरीला इचार.” मी सांगितलं. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाय.

कॉलेजात परत गेले तेव्हा सरांनी बोलावून घेतलं. टेबलावर शिबिराचा छापील अहवाल. कव्हरवरच माझा फोटो, खाली वाकून काडी लावताना. आत लिहिलेलं, ‘वाडीतील कचऱ्याचे ढीग नष्ट केले.’ शेवटच्या पानावर प्रतिनिधीच्या सहीची जागा मोकळी.

सर गोड बोलले. “हे बघ, झालं ते झालं. दोन ओळी माफीच्या लिही, इथं सही कर, प्रमाणपत्र घेऊन जा. दहा मार्क हायेत. तुझ्यासारखीला तर त्याची जास्त गरज.”

तुझ्यासारखीला.

“सर, कचरा खोडा, तिथं राब लिहा. कोणाचा जाळला ते लिहा. कोणी जाळला ते पण लिहा. माझं नाव पहिलं घाला, चालंल.”

“अहवाल छापून झालाय.”

“मग सही नाय.”

प्रमाणपत्र मिळालं नाय. मार्क पण नाय. सायली वर्गात माझा बाक सोडून दुसऱ्या बाकावर बसायला लागली. कँटीनमधी गेले की प्रणवच्या टोळक्यातनं कोणतरी म्हणतो, “ए, राब आला, राब!” म्हणू देत. मला ती शिवी वाटत नाय.

आता मी तिसऱ्या वर्षाला हाय. यंदाच्या शिबिराच्या यादीतनं माझं नाव कापलंय. शिबिर येणार हाय आमच्याच खोऱ्यात, ओढ्याच्या पल्याडच्या वाडीवर. गेल्या रविवारी मी त्या वाडीत जाऊन आले. घर न् घर फिरले. सांगितलं, पोरं येतील टोप्या घालून, त्यांना बसवा, पाणी द्या, काय इचारलं तर धड सांगा. पण राबाला हात लावू देऊ नका. बाया म्हणल्या, “आमी कसं अडवायचं? त्यी शिकल्याली.” मी म्हणले, “मी पण शिकल्याली हाय. मी येते.”

सरांच्या कानावर गेलंच. काल निरोप आला, तिथं दिसलीस तर परीक्षेला बसू देणार नाय. मी उलटा निरोप धाडलाय. ज्या दिवशी श्रमदान, त्या दिवशी सकाळपासनं मी त्या राबापुढं बसलेली असणार. परीक्षा बुडवायची तर बुडवा. मी उठणार नाय.