धोंडीभाऊंनी भट्टीवर आणलेली सावड

येत्या आषाढात आमचे मुकादम धोंडीभाऊ साठ वर्षांचे होत आहेत. गौरव अंकासाठी त्यांच्याविषयी चार शब्द लिहा, असे गौरव समितीने सांगितले खरे, पण माझे काही बूड टेकत नाही. दोन ओळी लिहितो, उठतो, खिडकीतून भट्टीचे धुराडे पाहून येतो. कारण पुढे सांगतोच.

भाऊंची पहिली ओळख झाली ती भांडणातून. कामशेतजवळच्या आमच्या बाटल्यांच्या कारखान्यात मी नुकताच हजेरी-कारकून म्हणून लागलो होतो. भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, सुरू झाली आणि एके सकाळी निम्मी पाळी गायब! काचेची भट्टी निवली तर आतली काच थिजते, भट्टी तडकते आणि कारखाना बंद पडतो. मालकांनी फर्मावले, गैरहजर आहेत त्यांची नावे हजेरीपटावरून काढून टाका. काढा म्हणे! पुण्याकडे धडाधड नवे कारखाने उघडत होते. हात बसलेला माणूस तिकडे कोणीही उचलला असता. आम्ही दुसरा आणायचा कुठून? मी तावातावाने भाऊंना जाब विचारला. ते घाम पुसत म्हणाले, "कारकूनसायेब, आवणी काय तुमच्या भोंग्याला इचारून येती व्हय? रोप हातचं गेलं तर वरीसभर खायाचं काय?"

"अहो, मग भट्टीचे काय?"

"ती बी न्हाई इजायची. आमी सावड घालतो."

सावड मावळाला नवी नाही. आज मी तुझ्या भातखाचरात राबायचे, उद्या तू माझ्या. भाऊंनी ती भट्टीवर आणली. घाटमाथ्याकडच्यांची आवणी आधी उरकते, कामशेतकडच्यांची नंतर. त्यांनी दोहोंकडच्या माणसांच्या जोड्या लावल्या. एकाने दुसऱ्याची पाळी भरायची, दुसऱ्याने ती पुढे फेडायची. मालकांचा जीव टांगणीला लागला होता, माझाही. पण भट्टी निवली नाही आणि रोपही वाळले नाही. पुण्याकडे गेलेली काही माणसे तर परत आली. तिकडे पगार जास्त होता, पण आवणीला कोणी सोडत नव्हते.

पुढे सावड आवणीपुरती राहिली नाही. बाटल्या पेंढ्यात बांधणाऱ्या सखूबाईंचे पोर तापाने फणफणले, तेव्हा भाऊंनी त्यांना घरी धाडले. "जा मावशी, पोराजवळ बसा. हितलं मी बगतो." आणि स्वतः पेंढा घेऊन बसले. बाटल्या मात्र अशा बांधल्या की दुसऱ्या दिवशी सखूबाईंना साऱ्या सोडून पुन्हा बांधाव्या लागल्या. त्या अजून हसतात.

एक गोष्ट मात्र मला सारखी टोचते. कोणाची जोडी जमली नाही की त्या जागी भाऊ स्वतः उभे राहत. त्यामुळे त्यांचे खाचर दरवर्षी सर्वांत शेवटी लागे, आणि पीक यथातथाच येई. वहिनी चिडून म्हणत, "साऱ्या मावळाची आवणी ह्यांनी करायची, आन् आमचं खाचर बेडकांला!" भाऊ नुसते हसत. मला मात्र वहिनींचे पटे.

आता माझे बूड का टेकत नाही, ते सांगतो. आवणी संपली की भाऊ निवृत्त होतील. नव्या मॅनेजरसाहेबांनी गेल्या आठवड्यातच फळ्यावर नोटीस लावली आहे: यंदापासून पाळ्यांची अदलाबदल बंद. मी धावत भाऊंकडे गेलो. म्हटले, तुमची सावड बुडाली! ते शांतपणे म्हणाले, "माजी कशी? ती फेडनाऱ्याची असती." घ्या! इथे माझ्या तोंडचे पाणी पळाले, आणि हे असे.

पण त्या वाक्याने मला झोपू दिले नाही. आम्ही सारे भाऊंकडून घेतच आलो, फेडले कोणी?

म्हणून मी समितीशी भांडलो आणि जिंकलो. सत्कार सभागृहात होणार नाही. तो भाऊंच्या खाचरात, भर पाळीच्या दिवशी, जोड्या लावून होईल. शाल भिजेल, म्हणून इरले देणार आहोत. मी जन्मात चिखलात पाय घातलेला नाही, पण मीही जाणार. माझ्या खुर्चीवर दुपारपाळीचे कारकून बसतील. त्यांची लेक दिवाळीत बाळंतपणाला येईल, तेव्हा त्यांची पाळी मी भरीन. साहेब हा अंक वाचतील. अवश्य वाचावा, आणि काढायचेच असेल तर पहिले नाव माझे काढावे.

भाऊंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे धड राहोत. त्या दिवशी त्यांनी बांधावर बसून राहावे आणि यंदा तरी आपले रोप वेळेवर लागताना पाहावे.