जोडव्याचं बोट

माझ्या पायाचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे. लग्नात बायकांनी ते पाहून भाकीत केलं होतं, की ही पोरगी नवऱ्याला धाकात ठेवणार. नवरा काही धाकात राहिला नाही, बोट मात्र बुटांच्या धाकात आलं. सौंसरहून रोज बोरगावच्या शाळेत जायचं, दिवसभर फळ्यापुढे उभं राहायचं आणि पायात पुढून निमुळत्या, बंद बेल्या, कारण साडीवर त्याच शोभतात! उजव्या पायाच्या त्या लांब बोटाला आत जागा मिळेना. ते मधल्या सांध्यात वाकलं आणि वाकलेलंच राहू लागलं. वरच्या पेरावर कुरूप झालं. ते मी ब्लेडने खरवडलं, म्हणजे शुद्ध मूर्खपणा केला. बोट सुजलं आणि जोडवं त्यात अडकून बसलं.

शेवटी नवऱ्याला घेऊन बसने नागपूर गाठलं. हाडांच्या डॉक्टरांनी बोट दाबलं तर ते सरळ झालं, सोडलं तर पुन्हा वाकलं.

"याला हॅमर टो म्हणतात," ते म्हणाले. "हाताने सरळ होतंय तोवर ठीक. एकदा कडक झालं की ऑपरेशनच."

उपाय साधे होते. पुढून रुंद चपला, कुरुपावर मऊ गादी, बोट खाली धरून ठेवणारी पट्टी आणि बोटांनी फरशीवरचा टॉवेल गोळा करायचा व्यायाम. "पण आधी हे जोडवं काढा," डॉक्टर म्हणाले. "त्याच्यावर पट्टी नीट बसत नाही."

परतीच्या बसमध्ये नवरा खिडकीबाहेरच पाहत बसला. मागच्याच वर्षी त्याच्या हृदयात स्टेंट घातला होता. एरवी उपासतापासांची टिंगल करणारा हा माणूस लोधीखेडा आल्यावर हळूच म्हणाला, "संक्रांत होऊ दे नं. हळदीकुंकवाले बायका पाय पाहतीन."

मला राग यायला हवा होता. आला नाही, कारण भीती मलाही वाटत होती. मी विज्ञान शिकवते, तरी वाटत होती. मग आम्ही दोघा शहाण्यांनी तोड काढली: पट्टी जोडव्यावरूनच बांधायची. सासूबाईंना जोडव्याचं काही सांगायचं नाही, हेही ठरलं. त्यांनी ऐकलं असतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, अशी आमची खात्री.

संक्रांत होऊन गेली. जोडवं काढायचा विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. पट्टी सारखी सरकायची, जोडवं खाली काचायचं. एका रविवारी सकाळी मी बोट दाबलं तर ते पूर्ण सरळ होईना. ओसरीवर बसून मी पुन्हा पुन्हा दाबत होते, तेवढ्यात सासूबाई समोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय करून राहिली व?"

मी सगळं सांगून टाकलं. त्या आत गेल्या, साबण, पाण्याचा तांब्या आणि शिवणाचा दोरा घेऊन आल्या आणि माझ्यासमोर फतकल मारून बसल्या.

"पाय दे."

सासूने सुनेचा पाय धरायचा? मी पाय मागे ओढला. त्यांनी घोटा पकडून तो सरळ मांडीवर घेतला. साबण चोळला, बोटाला दोरा घट्ट गुंडाळला आणि जोडवं हळूहळू पुढे सरकवू लागल्या. मी कळवळले. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"आई, राहू दे नं," तो म्हणाला.

त्यांनी मान वर केली नाही. जोडवं सुटून त्यांच्या हातात आलं. ते पदराला पुसत त्या म्हणाल्या, "मी तं एक दिवस बी काढले नव्हते बाप्पा. तरी गेलेच नं तुहे बाबा."

नवरा खाली बसला. मला रडू आवरेना. डोळे पुसले आणि डावा पायही त्यांच्यापुढे केला.