लाल प्रॉम्प्ट काढला आणि टाकी वाहिली

मंडळी, आत्ताच घडलेलं लिहून राहिलो.

घरून कोडिंग करताना पाण्याची मोटार चालू असल्याचं मी विसरतो. म्हणून बॅशच्या, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सेटिंगमध्ये जुगाड केला होता. टर्मिनलवर ‘मोटार’ टाइप केलं की प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड लिहायची ओळ, लाल व्हायचा. मोटार बंद करेपर्यंत लालच.

आज ती सेटिंगची फाईल साफ केली आणि नवी देखणी थीम टाकली. मग हौदातलं पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला मोटार लावली, ‘मोटार’ टाइप केलं. नव्या थीमनं लाल दाखवलंच नाही. मी आपला निळ्याच्या छटा निवडत बसलो.

"आरं, टाकी वाहून राहिली! घरात हायस का न्हाई?" शेजारच्या काकू ओरडल्या.

धावत जाऊन मोटार बंद केली. आमचं उदगीर जिल्हा होणार हे रोज ऐकतो, पण नळाला पाणी कधी येणार ते कुणी सांगत नाही. अशा दुष्काळात माझं पाणी गल्लीभर! काकूंनी टाकीच्या वाहत्या पाइपाखाली घागर लावली होती. भरलेली घागर माझ्याच दारात ठेवून त्या गेल्या.

लाल प्रॉम्प्ट परत आणलाय. हौदात पाणी किती उरलंय ते बघायला झाकण उघडायची मात्र हिंमत होत नाही. कुणी येऊन बघता का?