राजवाड्यातला नमस्कार

माझ्या थोरल्या जाऊबाई आणि मी गेली चोवीस वर्षं एकाच घरात राहतो. त्या वर, मी खाली. आमच्यात भांडण आहे असं म्हणता येणार नाही, कारण भांडायला समोरासमोर यावं लागतं. त्या वर गाण्याचा क्लास घेतात. त्यांची पहिली विद्यार्थिनी ‘सा’ लावते आणि मला नेमकं तेव्हाच शेंगदाण्याचं कूट आठवतं. मिक्सरचा आवाज जरा मोठा आहे, त्याला मी काय करणार?

अशा आम्ही दोघी एका विमानातून जर्मनीला गेलो, ते माझ्या मुलीमुळे. ती तिकडे नोकरी करते. बोलावलं होतं चौघांना, पण द्राक्षाची छाटणी तोंडावर आलेली, त्यामुळे आमचे नवरे, दोघे भाऊ, नाशिकलाच राहिले. मुलगी माझी असली तरी वाढली वरच्या मजल्यावर. “जन्म आईने दिला, गळा काकूने दिला,” असं ती पाहुण्यांना सांगते. मी तेव्हा बहुतेक चहा देत असते.

तिच्या गावाजवळ एक जुना राजवाडा आहे. “बरोक शैलीतला आहे, आई,” ती म्हणाली. मला ऐकू आलं ‘बारीक’. जाऊन बघते तर बारीक असं काहीच नाही! खांब जाडजूड, देवदूत गुटगुटीत, छतभर ढग आणि वर सोनेरी मुलामा. एखाद्या मंडळाने मखर करायला घ्यावं आणि कुठे थांबायचं हे कुणीच सांगू नये, तसं. मी ते बोलूनही दाखवलं.

“ज्याला जे दिसतं ते,” जाऊबाई देवदूताकडे बघत म्हणाल्या.

इथल्या राजाने म्हणे पदरी मोठा वाद्यवृंद बाळगला होता. त्याचा मुख्य संगीतकार जेवायला मात्र नोकरांच्या पंगतीत बसायचा. हे सगळं मुलगी काकूला सांगत होती. मी मागून तिघींचे कोट घेऊन चालले होते, त्यामुळे त्या संगीतकाराची बाजू मला लगेच पटली.

खरा बेत चार वाजताचा होता. संगीत दालनात एक जुनं वाद्य आहे. पेटीसारख्या पट्ट्या, पण आत तारा. दुरुस्त करून वाजतं ठेवलेलं. त्याची देखभाल करणारे गृहस्थ मुलीच्या ओळखीचे. लोक गेल्यावर ते काकूला पाच मिनिटं ते वाजवू देणार होते. जाऊबाईंनी त्या पाच मिनिटांसाठी येवल्याहून पैठणी घेतली होती. तिला जागा करायला माझ्या बॅगेतले मेथीचे लाडू नाशिकलाच राहिले.

वाद्य लांबून बघितलं, तर पट्ट्यांचे रंग उलटे. पांढऱ्यांच्या जागी काळ्या, काळ्यांच्या जागी पांढऱ्या. जाऊबाई काळी चारमध्ये गातात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. ही संधी मी कशी सोडणार?

“जाऊबाई, तुमची काळी चार इथे पांढरी झालीय हो. जमेल ना?”

“पट्टीचं तू नको गं बोलूस. तुझ्या आरतीलासुद्धा पट्टी नसते.”

मुलगी हसली. अगदी मनापासून हसली.

मग त्या दोघी पैठणीच्या निऱ्या नीट करायला गेल्या. मी बागेत बाकावर बसून घरून आणलेला चिवडा खाल्ला. बराच खाल्ला. आणि मग उठून एकटीच त्या दालनात परत गेले.

आता इथे एक सांगायला हवं. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी मी सासरच्या पेटीवर भाजीची परडी ठेवली होती. जाऊबाईंनी घरभर पाहुण्यांसमोर मला ती उचलायला लावली आणि पेटीला हात लावून कपाळाला लावायला लावला. “वाद्य आहे ते, टेबल नाही.” तेव्हापासून वाद्य दिसलं की माझा हात आपोआप जातो. वरातीतल्या बँडवाल्याचा ढोलही मी सोडलेला नाही.

तसाच तो हात वाद्याभोवतीच्या दोरीवरून पलीकडे गेला, वाद्याच्या झाकणावर टेकला आणि कपाळाला लागला. त्याबरोबर कुठेतरी भोंगा वाजायला लागला. गणवेशातली एक बाई ओरडत धावत आली. तिचं जर्मन मला शब्दन्‌शब्द कळलं. झाकणावर, गुलाबाच्या नक्षीच्या बरोबर मधे, तीन पिवळी बोटं उठली होती. हळद आणि तेल.

ते गृहस्थ आले. त्यांनी मऊ फडक्याने बोटं पुसली, तरी पिवळेपणा थोडा राहिलाच. मग ते मुलीशी हळू आवाजात बोलले.

“आज नको म्हणतायत,” ती म्हणाली. “पुन्हाही नको.”

जाऊबाई दारात उभ्या होत्या. पैठणी खरंच सुंदर दिसत होती.

“मुद्दाम केलंस तू.”

“अहो, नमस्कार केला मी! तुम्हीच शिकवलाय.”

“मी हात धुऊन करायला शिकवलाय.”

परतीच्या गाडीत मुलगी त्यांच्या शेजारी बसली. मी समोर, कोटांच्या शेजारी.

नाशिकला आल्यावर या गोष्टीच्या दोन गोष्टी झाल्या. वरच्या मजल्यावर मी मुद्दाम केलं, खालच्या मजल्यावर सवयीने झालं. नातेवाईक दोन्हीकडे चहा पिऊन दोन्ही गोष्टी ऐकतात. मग एका रविवारी मुलीचा फोन आला.

“आई, एकदा खरं सांग. मुद्दाम केलंस?”

“हात आपोआप गेला गं, शपथ. पण दोरीजवळ मी आपोआप गेले नव्हते. काहीतरी बिघडावं असं वाटत होतं. तुझी काकू ते वाजवायला बसली असती आणि तू तिच्याकडे बघत राहिली असतीस. ते मला बघायचं नव्हतं.”



“मग हे काकूला सांग.”

“मुळीच नाही.”

मला वाटलं, हसेल. तिने फोन ठेवला. पुढचा आठवडाभर मला तिचा फोन आला नाही. वर मात्र रोज येत होता. जिन्यात उभं राहिलं की ऐकू यायचं.