डॅफोडिलचा कांदा

आक्का गेल्याचं मला दवाखान्याच्या जिन्यातच कळलं. हातात त्यांच्यासाठी आणलेला पेजेचा डबा होता. तो घेऊन मी तिथंच पायरीवर बसले... सव्वा महिना झाला, अजून मन थाऱ्यावर नाही.

आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. कोल्हारला आमचं कांदा पिकवणारं घर. त्यांचा प्रकाश फौजेत. माझ्या लग्नानंतरच्या वर्षी त्यानं काश्मीरहून डॅफोडिलचे दहा-बारा कंद आणले. म्हणाला, "आई, तिकडं बर्फ वितळला की पयलं हेच फूल येतं. लोकं म्हनत्यात, आता बरं दिवस आलं." थंडीत खरंच पिवळीधमक फुलं आली. आक्का येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून कुंडीपाशी न्यायच्या. पात वाळल्यावर त्यांनी कंद उपटले आणि आम्ही कांद्याचं करतो तेच केलं. माना कापल्या, सुकवले, पाटीत भरून कांद्याच्या चाळीत ठेवले, पुढच्या थंडीला लावायला.

त्या पाटीतले दोन मी उचलले आणि झुणक्यात घातले. चिरताना डोळ्यांना पाणी आलं नाही, तरी माझ्या मेलीच्या डोक्यात उजेड पडला नाही! तासाभरात सगळं घर ओकायला लागलं. डॉक्टर म्हणाले, हा कांदा नाही, यात विष असतं. सासूबाईंनी विचारलं, "कुनी चिरला?" मला माहेरी धाडायला त्या निमित्तच शोधत होत्या. भिंतीला टेकलेल्या आक्कांनी पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मी चिरला."

सगळे वाचलो. उरलेले कंद उकिरड्यावर गेले. पण भावकीत आक्का विष घालणारी ठरल्या. लग्नाकार्यात बायका त्यांना चुलीपाशी फिरकू देत नसत. पुढं सासूबाई वारल्या. मग तरी मी तोंड उघडायचं ना? मी विषय काढला की आक्का म्हणायच्या, "जाऊ दी गं, माझं काय झिजलं?" आणि मी खुशाल जाऊ दिलं. लाज वाटते मला माझी.

दहाव्याला नदीवर बायका कुजबुजल्या, "बाई लई चांगली हुती, पर त्यो एक घास..." मग मात्र राहवलं नाही. सगळ्यांदेखत ओरडले, "मी चिरला होता! आक्कांनी नाही!"

प्रकाश बघतच राहिला. वाटलं, आता हा मला उभी फाडणार. तो माझ्याशेजारी खाली बसला.

"काकू," म्हणाला, "दर सुट्टीला इचारायचो, आई, आनू का परत ती फुलं? नगंच म्हनायची. म्हनायची, तुझी काकू बघून झुरंल."