नाबीने गुहा दिली म्हणे

नाबी तामानाहाला गावात कोणी भांडखोर म्हणत नसे, कारण तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. समुद्रशेवाळ निवडायच्या शेडमध्ये आम्ही दोघी शेजारी बसायचो. माझा हात जरा रेंगाळला की ती विचारायची, "काय गं, शेवाळात उवा शोधतेस?"

आमच्या ओकिनावा बेटावर लढाई झाली त्या साली, १९४५ मध्ये, ती सत्तावीस वर्षांची होती. अमेरिकन तोफांपासून वाचायला गाव डोंगराखालच्या गुहेत जाऊन बसलं होतं. मग आपलेच जपानी सैनिक आले. त्यांना जागा हवी होती. "निघा," म्हणाले, आणि निघावं लागलं. नाबीने धाकटीला पाठीशी बांधलं, सात वर्षांच्या थोरल्याचा, सेइकीचा, हात धरला आणि ती बाहेर पडली. उसाच्या शेतापर्यंत पोहोचल्या त्या दोघी, ती आणि पाठीवरची. हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी त्याच दिवशी गेलं.

पुढे बारा-तेरा वर्षांनी तोक्योत ठरलं, की सैन्याला मदत करताना जे मेले त्यांच्या घरच्यांना पेन्शन द्यायची. नाबीचा नवरा तोवर मासेमारीला गेला तो परत आलाच नव्हता. कचेरीत तिचा चुलतभाऊ कारकून होता. त्याच्या मनात पाप नव्हतं. तो म्हणाला, "ताई, हाकललं असं लिहिलं तर छदाम मिळायचा नाही. गुहा दिली असं लिहू. सगळे तसंच लिहितायत."

नाबीने सहीच्या जागी आपला शिक्का मारला. पेन्शन सुरू झाली आणि सेइकी तोक्योच्या यासुकुनी देवळात, जिथे देशासाठी मेलेल्यांना पुजतात, सैनिकांच्या पंगतीला देव होऊन बसला. त्याने देशासाठी काय केलं, तर तो गुहेतून बाहेर पडला. मला याची चीड येते. नाबी कित्येक वर्षं यावर बोललीच नाही.

आमच्याकडे माणूस जाऊन तेहतीस वर्षं झाली की शेवटचं श्राद्ध घालतात. मग तो पूर्वजांत मिसळतो, देव होतो. त्याचं नाव घेऊन रडायचं नाही. सेइकीचं श्राद्ध घालायला नाबी तयार होईना. "तोक्योवाल्यांनी त्याला कधीच देव केलाय," ती म्हणाली. "एका पोराला किती वेळा देव करायचं?"

त्यानंतर काही वर्षांनी शाळेच्या पुस्तकांवरून रान पेटलं. जपानी सैनिकांनी ओकिनावाच्या माणसांना मारलं, हा मजकूर तोक्योच्या तपासनिसांनी गाळायला लावला होता. जिकडेतिकडे सभा भरू लागल्या. सहलीच्या पोरांना वाचायला काहीतरी हवं, म्हणून आमच्या गावानेही गुहेपाशी पाटी लावायचं ठरवलं. गावचा प्रमुख चिनेन, तसा भला माणूस, सभागृहात मजकूर वाचू लागला. "या गुहेत गावकऱ्यांनी आसरा घेतला होता. पुढे त्यांनी ती सैन्याला दिली."

"कोणी दिली रे?" नाबीने विचारलं.

"मावशी, कचेरीतल्या कागदांत तसंच आहे. तुमचाच शिक्का आहे त्यावर."

"शिक्का माझाच. मजकूर खोटा. हाकललं आम्हाला."

तिच्या शेजारची कामादो उठलीच. तिचा नवराही त्याच दिवशी गेला होता. "अगं नाबी, गप बैस की! तू तोंड उघडायचंस आणि पेन्शन आमची जायची."

"तुझा नवरा काय सैनिकांना नमस्कार करून निघाला होता?"

"कसा निघाला ते मला ठाऊक आहे! म्हातारपणी मला कोण पोसणार, तू?"

कामादोला मूलबाळ नव्हतं.

नाबी चिनेनकडे वळली. तिचा आवाज उतरला होता. "माझी पेन्शन बंद कर. पण सेइकीने काही दिलं असं लिहू नकोस. आपल्या ताटातलं रताळं बहिणीला दे म्हटलं तरी हात मागे लपवायचा तो. त्याने कोणाला काही दिलं नाही रे."

चिनेनने मतं मागितली. मग हात वर झाले. आमच्या बाजूने अगदी मोजके. पाटी जशी वाचली तशीच लागली.

नाबी कागद बदलायला कचेरीत गेली. त्या दिवशी गुहेत असलेले दोन साक्षीदार आणा, असं तिला सांगितलं. ती घरोघर फिरली. सगळ्यांनी तिला चहा पाजला, हालहवाल विचारली. साक्षीला कोणी आलं नाही. पेन्शन चालू राहिली.

मग तिने शेडमधून एक रिकामं खोकं उचललं आणि पाटीशेजारी पालथं घातलं. सहलीची बस आली की ती त्यावर बसलेली असायची. एकदा मीही होते. मास्तरांनी पाटी वाचून दाखवली, पोरांनी वह्यांत उतरवून घेतली.

"खोटं आहे ते," नाबी म्हणाली. "आम्ही दिली नाही. आम्हाला हाकललं."

मास्तर गडबडले. "आजी, पण हे तर गावानेच लिहून दिलंय."

"हो. त्यात मीही आहे."

पुढच्या रांगेतल्या एका मुलीने पेन्सिल थांबवली. "आजी, मग तुम्ही खोटं का लिहून दिलंत?"

नाबी तिच्यावर खेकसली नाही.

"धाकटीला भूक लागली होती," ती म्हणाली. "थोरल्याला आता लागणार नव्हती."