नमिताची टिटवी

आमची नमिता पेणच्या कॉलेजात इंग्रजी शिकवते. तासावर, अजून पक्की नाय. लग्न होऊन आली ती रोह्याकडच्या डोंगराकाठच्या गावातनं. भात नि वाल बघत वाढलेली पोर, खाडी तिनं पहिल्यांदा बघितली ती आमच्या अंगणातनं. भरतीला पाणी बांधाला लागलेलं बघून मला म्हणाली, "आई, खाडी आपल्या शेतापेक्षा उंच आहे?" म्हटलं, "व्हय गो बाय, आणि मधी फक्त आपला बांध." त्या रात्री दोनदा उठून तिनं अंगणातनं बांध बघितला.

उद्याचा धडा आज मला ऐकवायची खोड हाय तिला. मी बिरड्याचे वाल सोलत बसते, ती भाकरी थापता थापता मराठीत सांगते. दोनशे वर्षांमागचे विलायती कवी, आणि सगळ्यांना पाखरांचं वेड. एकाला म्हणे पाखरू दिसतच नाय. नुसता आवाज ऐकतो नि उसासे टाकतो, की हे सुटलं आणि मी मातीत अडकलो. दुसरा गवतात पालथा पडून घरट्यात काडी कुठली नि लोकर कुठली ते बघत राहतो.

"आई, तुम्हांला कुठला पटतो?"

"दोघांच्या घरी चूल पेटवायला कोणीतरी असणार," मी म्हटलं.

हसली. पण तिचा जीव पहिल्यावर, मला काय कळत नाय होय? त्याचं सांगायला लागली की हमखास भाकरी करपायची.

मला पाखरांतली कळते ती एक टिटवी. अवलक्षणी मेली. मालक गेले त्याच्या आदल्या दिवशी घरावरनं ओरडत गेली होती. तेव्हापासनं तिचा आवाज आला की मी घरातली माणसं मोजते. आणि माझे धाकटे दीर, नाथाभावजी, बांधाच्या कामाचे पुढारी, त्यांचं तिच्यावाचून पान हलत नाय. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर कोरडं, असं ते सांगणार आणि गाव मान डोलावणार.

ज्येष्ठातल्या अमावस्येआधी गाव बांध भरायला निघतो. घरटी एक माणूस, आणि ज्याच्या त्याच्या वाटणीचा तुकडा ठरलेला. ज्याच्या तुकड्यातनं खारं पाणी आत शिरलं त्याच्यापायी सगळ्या गावाची भातशेती गेली, आणि पुढची दोन-तीन वर्षं जमिनीत काय पिकत नाय. त्या घराला मग तोंड दाखवायला जागा राहत नाय. माझा लेक धनेश डोलवीला कंपनीत, त्याची शिफ्ट सुटेना. म्हणून नमिता घमेलं घेऊन गेली.

अमावस्येच्या आदल्या सकाळी भावजी दारात उभे. "वहिनी, सुनेला काय शिकवून पाठवलंत? तुमच्या तुकड्यात हातभर खळगा ठेवलाय तिनं."

मी तशीच अनवाणी धावले. बघते तर दोन्ही अंगांनी माती चढवलेली नि मधी खळगा. खळग्यात बारीक खड्यांवर चार अंडी, मातकट, ठिपक्याठिपक्यांची. टिटवी आमच्या डोक्यावर झेपा घेत ओरडत होती.

"तुझ्या माहेरी बांध फुटला तर गोडं पाणी शेजारच्या खाचरात जातं. हितं खाडी आत येते गो. डोकं ठिकाणावर हाय का?" तिथंच उभ्या नमिताला मी म्हटलं.

"आई, दोन-चार दिवसांत पिल्लं निघतील."

"आणि उद्याचं उधाण थांबंल तवर? टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात. सांग मग तुझ्या टिटवीला."

तिचा चेहरा पडला. मी रागारागानं फावडं उचललं, आणि हात काय चालेना. अवलक्षणी असली तरी लेकुरवाळी ती.

नमिता म्हणाली, "टिटवी जागा सोडायची नाही. पण जागाच तिच्याखालून वर आली तर?"

तिनं अंडी ओढणीत घेतली. खळग्यात चार बोटं माती टाकून पायानं दाबली, वर तेच खडे पसरले, अंडी होती तशी टोकं आत करून ठेवली, आणि आम्ही लांब जाऊन बसलो. टिटवी उतरली. भोवती फिरली, मान वाकडी करून बघितलं, आणि बसली. मग आम्ही परत गेलो. परत ती उठली, आमच्या नावानं शंख केला, परत माती, परत बसली. आपापलं काम उरकून माणसं येऊन बघायला लागली. मूठभर जीव, दर वेळी खालची माती निराळी, आणि तरी बसायचं. दिवस कलला तेव्हा खळगा बांधाच्या बरोबरीला आला होता आणि टिटवी सगळ्यांत वर होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी उधाणाचं पाणी चढलं तेव्हा अख्खं गाव बांधावर. पाणी काठाला बोटभर कमी राहिलं. इकडं सगळी खाडी, तिकडं सगळं शेत, आणि मधी ती, अंडी पोटाखाली घेऊन, डोळा पाण्यावर. मला वाटलं, आता उडेल. ती काय उडाली नाय. मग पाण्यावर तरंगणारी एक फळी हळूच फिरली आणि खाडीच्या तोंडाकडं निघाली. ओहोटी लागली होती. आमच्या तुकड्यातनं थेंब आत आला नाय.

माझे हात आपोआप जोडले गेले, आणि त्याची मला लाज वाटली नाय.

"यंदा पाऊस चांगला," भावजी म्हणाले. "टिटवी उंचावर बसली."

"भावजी, तिला वर आपण नेलं."

"नेलं आपण. बसली ती ना, वहिनी."



संध्याकाळी नमिता पहिल्या कवीचं सांगायला लागली नि मधीच थांबली. "आई, ह्यानं पाखरू बघितलंच नाही."

"आणि दुसऱ्यानं?"

"त्यानं बघितलं. पण त्याच्या घरट्याला खाडी लागली नव्हती." त्या दिवशी भाकरी करपली नाय.

परवा टिटवी घरावरनं ओरडत गेली. ह्या वेळी मी माणसं मोजली नाय. हातातले वाल टाकून मी बांधाकडं धावले, तिच्या पिल्लांना काय झालं ते बघायला.